जोतीनानांचा चौथा निरोप

सांगलीत विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानावर दानिश शिकलगारची खोली होती. तिला तो स्टुडिओ म्हणायचा. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक आणि भिंतींना चिकटवलेले फोमचे तुकडे, एवढाच सरंजाम. शाळांच्या गॅदरिंगसाठी पाच-सहा गाण्यांचे तुकडे घेऊन त्यांचा एक सलग ट्रॅक करून देणं हे त्याचं मुख्य काम. स्टेजवर मुलं नाचत असताना दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा सेकंद जरी शांतता पडली, तरी पुढची रांग थांबते आणि मागची तिच्यावर आदळते. दानिशच्या ट्रॅकवर असं कधी झालं नव्हतं. त्याचा जोड कुठं आहे हे कळतच नाही, असं शाळेतल्या बाई एकमेकींना सांगायच्या आणि नवीन कामं यायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी इंद्रजित त्याच्याकडे आला. तो कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर होता. दोघांची ओळख लहानपणापासूनची. इंद्रजितचे वडील जोतीराम दरवर्षी दिवाळीनंतर वडूजकडच्या आपल्या वस्तीवरून मेंढरं घेऊन निघायचे आणि पलूसच्या आसपासच्या वावरांत खतासाठी बसवायचे. लोकर कातरायच्या कातरींना धार लावायला ते पलूसात दानिशच्या वडिलांकडे, रहिमानचाचांकडे यायचे. धार लागेपर्यंत दोघा बापांच्या गप्पा चालायच्या आणि पोरं बाहेर खेळायची. पुढं सांगलीत दोघं मित्र दोन वर्षं एकाच खोलीत राहिले. दानिश जोतीरामांना नाना म्हणायचा, त्यांची पोरं आबा.

दोन महिन्यांपूर्वी, पलूसजवळच्या एका वावरात मेंढरं बसवलेली असताना, जोतीनानांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ते वस्तीवर खाटेवर पडून होते. काहीही विचारलं तरी घशातून एकच आवाज यायचा. तो हो म्हणून आहे की नाही म्हणून, ते कुणाला कळत नव्हतं.

इंद्रजितनं फोन पुढं केला. त्यात वडिलांचे सात निरोप होते. नानांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मेंढरांमागं चालता चालता ते इंद्रजित आणि त्याची बहीण असलेल्या घरच्या ग्रुपवर आवाजात निरोप पाठवायचे. एकेक निरोप दहा-वीस सेकंदांचा.

"हे सगळं एकाला एक जोडून दे," इंद्रजित म्हणाला. "एका बैठकीत बोलल्यासारखं वाटाय पायजे. मधी खाड खाड आवाज येतो, तो नको."

कशासाठी, तेही त्यानं सांगितलं. वस्तीमागचा माळ त्याचे वडील आणि चुलते बिराप्पा यांच्या नावावर सामाईक होता. सौरऊर्जेची एक कंपनी तो माळ तीस वर्षांच्या करारानं घ्यायला तयार होती. माळ गेला की चराईच संपणार, म्हणजे मेंढरंही विकायची. बिराप्पातात्या म्हणत होते, जोतीचं मन काय आहे ते कळल्याशिवाय मी त्याचा अंगठा उठवू देणार नाही. आजारी पडायच्या आधी वडील याबद्दल बोलले होते आणि ते या निरोपांत आहे, असं इंद्रजितचं म्हणणं होतं. रविवारी वस्तीवर बैठक होती. तिथं सगळ्यांना ते ऐकवायचं होतं.

दानिशला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट नानांचा आवाज ऐकून त्याला भरून आलं. त्यानं पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं आणि बुधवारी कामाला बसला.

काम दिसायला सोपं होतं, पण तसं नव्हतं. निरोप टोकाला टोक लावून ठेवले तर बोलणं सलग व्हायचं, पण मागचे आवाज तुटायचे. एका निरोपामागं नुसता वारा, दुसऱ्यामागं मेंढरांचा कलकलाट, तिसऱ्यामागं ट्रॅक्टर. माणसाच्या कानाला बोलणं तुटलेलं तितकं कळत नाही, जितकं मागचा वारा तुटलेला कळतो. दानिशनं पहिल्या निरोपातला नुसत्या वाऱ्याचा चार सेकंदांचा तुकडा काढला, तो लांबवला आणि सगळ्या निरोपांखाली चादरीसारखा पसरला. मग एका निरोपाचा शेवट हळूहळू उतरवत नेला आणि त्याच वेळी पुढच्याची सुरुवात चढवत आणली. नाना बोलताना मध्ये श्वास घ्यायचे, तो श्वासही त्यानं दोन ठिकाणी उचलून जोडाच्या मध्ये ठेवला.

एकच जोड बसेना. चौथा निरोप. तो फक्त सहा सेकंदांचा होता. बाकीच्या निरोपांत आधी थोडा वारा यायचा, मग नाना खाकरायचे, मग बोलायचे. हा मात्र एकदम शब्दावरच सुरू व्हायचा आणि शब्दावरच संपायचा. पडद्यावर आवाजाची रेघ दोन्ही टोकांना सुरीनं कापल्यासारखी सरळ दिसत होती. दानिशनं इंद्रजितला फोन करून विचारलं. निरोप पाठवताना रेंज गेली असेल, तेवढाच आलाय, असं तो म्हणाला. दानिशनं ते मान्य केलं. त्यानं तिथं जास्त खपून काम केलं आणि संध्याकाळपर्यंत तोही जोड बसवला.

पूर्ण ट्रॅक डोळे मिटून त्यानं तीनदा ऐकला. नाना एखाद्या बांधावर बसून निवांत बोलतायत असं वाटत होतं. मधला भाग असा होता: "लय दमलो बग आज. पाय उचलत न्हाईत. मेंढरं इकून टाकू, माळ कंपनीला देऊ, घरी बसून खाऊ. तात्याला सांग, मी आलो की बोलू."

ट्रॅक पाठवल्यावर दहा मिनिटांत इंद्रजितचा फोन आला. अगदी आबाच बोलतायत, असं तो दोनदा म्हणाला.

शुक्रवारी दुपारी इंद्रजितची बहीण उत्कर्षा आली. ती सांगलीतच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं ओढणीच्या टोकात गुंडाळलेला एक फोन टेबलावर ठेवला. काचेला आडव्या भेगा पडलेल्या होत्या. तो नानांचा फोन होता. झटका आला तेव्हा तो हातातून दगडावर पडला होता. तेव्हापासून तो आईकडे, हरणाबाईंकडे असायचा. अजून चालत होता, पण कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता. त्यातून आबांचे निरोप काढून ठेवता येतील का, असं तिनं विचारलं. तिच्या स्वतःच्या फोनमधले सगळे, शेवटचे काही तर न ऐकताच, दिवाळीनंतर फोन पाण्यात पडल्यामुळं गेले होते.

दानिश म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. त्यानं फोनला वायर लावली. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये पाठवलेले निरोप राहतात. तेच सात निरोप एकाखाली एक पडद्यावर आले. नावं तीच, तारखा त्याच. चौथ्यापुढं मात्र एकोणीस सेकंद असं लिहिलेलं होतं.

त्यानं हेडफोन लावले. उत्कर्षा खिडकीपाशी उभी राहून खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होती. त्यानं चौथा निरोप लावला.

आधी वारा. मग खाकरणं. मग नानांचा आवाज: "आगं उत्कर्षा, इंद्रा म्हणतुय, मेंढरं इकून टाकू, माळ कंपनीला देऊ, घरी बसून खाऊ. मला काय पटत न्हाई बग हे. माळ गेला मंजी आपलं काय ऱ्हायलं? तू सांग जरा त्याला समजावून."

दानिशनं पुन्हा ऐकलं. सुरुवातीचं 'इंद्रा म्हणतुय' कापलं होतं आणि शेवटचं 'पटत न्हाई' कापलं होतं. मधले सहा सेकंद ठेवले होते. पोराचं बोलणं बापाच्या तोंडी बसलं होतं. आणि जिथं कापलं होतं तिथं वारा पसरून, श्वास ठेवून, दोन्ही बाजू कुणाला कळणार नाहीत अशा दानिशनं स्वतःच्या हातानं मिटवल्या होत्या.

"झालं का?" उत्कर्षानं विचारलं.

"होतंय."

त्यानं सातही निरोप तिच्या पेनड्राइव्हवर उतरवले. ती जवळ येऊन बसली. दादानं तुम्हाला काहीतरी जोडायला दिलं होतं ना, ते झालं का, असं तिनं सहज विचारलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात ती फाइल उघडीच होती. दानिशनं माउस नेऊन ती बंद केली आणि झालं म्हणाला. चांगलं झालं का, तिनं विचारलं. हो म्हणाला.

ती गेली. तिला आत्ताच सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण इंद्रजितशी बोलल्याशिवाय त्याच्या बहिणीला कसं सांगायचं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. यात आपलाही हात आहे हे सांगायची त्याला भीती वाटत होती. तो जोड त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता, मग गप्प राहिलं तर दुसऱ्या कुणाला कधीच कळणार नव्हता.

शनिवारी दुपारी शिफ्ट सुटल्यावर इंद्रजित आला. दोघं कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहिले. दानिशनं आडपडदा न ठेवता सांगितलं, की नानांच्या फोनमधला निरोप मी ऐकलाय.

इंद्रजितनं चहाचा ग्लास खाली ठेवला. तो नाकबूल गेला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "जोड कळतुय का?"

"न्हाई."

"मग झालं तर."

दानिशनं त्याला विचारलं, हे तुला बरोबर वाटतं का. तेव्हा इंद्रजित बोलायला लागला आणि थांबेना. आबा आता उठणार नाहीत हे डॉक्टरनं सांगितलंय. आई साठीला आली, एकशेवीस मेंढरांमागं एका गड्याच्या जोरावर फिरतीय. गेल्या आठवड्यात ओघळीत पडली, गुडघा सुजलाय, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेऊन निघाली. रात्री लांडग्याची भीती, दिवसा चाऱ्याची. मी इथं लेथवर उभा असतो आणि फोन वाजला की हातपाय गार पडतात, की आता काय ऐकायला मिळतंय. उत्कर्षा शिकून निघून जाईल. तात्या नुसता नियम सांगतात. सोमवारी वडूजला कंपनीची माणसं येणार आहेत, त्यानंतर ती दुसऱ्या गावाला जातील.

"आबा न्हाईच म्हणनार, मला ठावं हाय," तो म्हणाला. "ते खाटंवर पडून न्हाई म्हनत्यात आन् आये वनवन फिरतीया. तू सांग, मी कुणाचं ऐकू?"

दानिशनं एवढंच म्हटलं, की जे खरं आहे ते बैठकीत तोंडानं सांग, नानांच्या आवाजात सांगू नकोस. इंद्रजित बघतो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

त्या 'बघतो'वर दानिशचा विश्वास बसला नाही. रविवारी सकाळी तो मोटारसायकल काढून विट्याच्या रस्त्याला लागला. वाटेत मायणीला थांबून त्यानं इंद्रजितला फोन लावला. उचलला नाही. वडूज मागं टाकून तो वस्तीवर पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि माणसं जमली होती.

घरापुढच्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. भावकीतली पंधरा-वीस माणसं बसली होती. मधोमध डोक्याला पटका बांधलेले बिराप्पातात्या. नानांची खाट घरातून उचलून बाहेर आणली होती, त्यांच्या पाठीला उशा लावल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड थोडं वाकडं झालेलं, पण डोळे पूर्वीसारखेच. दानिश दिसताच ते डोळे त्याच्यावर थांबले. दानिशनं जवळ जाऊन त्यांचा डावा हात हातात घेतला. नानांनी तो घट्ट धरला. हरणाबाई खाटेच्या पायथ्याशी सुजलेला पाय लांब करून बसल्या होत्या. उत्कर्षा त्यांच्या मागं उभी होती.

इंद्रजितनं दानिशला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो लगेच सावरला. हा माझा मित्र, यानंच आबांचा आवाज नीट करून दिलाय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. माणसांनी कौतुकानं बघितलं. कुणीतरी दानिशला बसायला जागा करून दिली.

मग इंद्रजितनं एक छोटा स्पीकर सतरंजीवर ठेवला आणि फोनवरून ट्रॅक चालू केला.

वारा सुटला. त्यामागून नाना बोलायला लागले. सगळी माणसं एकदम शांत झाली. दोन महिन्यांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. दानिश त्या जोडाची वाट बघत होता. निदान आज तरी तो ऐकू यावा, कुणीतरी मान वर करून हे काय म्हणून विचारावं, असं त्याला वाटत होतं. "पाय उचलत न्हाईत," नाना म्हणाले, श्वास घेतला, "मेंढरं इकून टाकू, माळ कंपनीला देऊ..."

कुणाचीही मान हलली नाही. जोड कुठंच नव्हता.

ट्रॅक संपला. बिराप्पातात्यांनी पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा तोच भाग आला तेव्हा खाटेवरून आवाज आला. नाना घशातून ओरडत होते. डावा हात ते खाटेच्या माच्यावर आपटत होते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. उत्कर्षा त्यांच्याकडे धावली.

"व्हय म्हनत्यात आबा," इंद्रजित म्हणाला. "सवताचं बोलनं ऐकलं न्हवं, म्हनून भरून आलंय त्यास्नी."

माणसांनी माना डोलावल्या. बिराप्पातात्यांनी भावाकडे बघितलं, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाले, जोतीची जर हीच इच्छा असेल तर माझं काही म्हणणं नाही, उद्या वडूजला जाऊ. नानांचा हात माच्यावर आपटतच होता. त्यांची नजर आता दानिशवर होती आणि ती हलत नव्हती.

दानिश उठून उभा राहिला.

"तात्या, थांबा," तो म्हणाला. "आवाज नानांचा हाय, पर हे बोलनं त्यांचं न्हवं. ते कापलेलं हाय. मी जोडलंय."

कुणाला काही कळलं नाही. त्यानं पुन्हा, सावकाश सांगितलं. की एका निरोपाचं पुढचं आणि मागचं कापून मधलंच ठेवलंय. कापलेलं आहे हे आधी मला माहीत नव्हतं, पण जोड मीच असा लावला की कुणाला कळू नये. शुक्रवारी मला खरं समजलं. अख्खा निरोप नानांच्या स्वतःच्या फोनमध्ये आहे. तो फोन मावशींकडे आहे, तो लावा.

हरणाबाईंनी कमरेच्या पिशवीतून भेगा पडलेला फोन काढला आणि लेकीच्या हातात दिला. उत्कर्षानं स्पीकर वगैरे काही जोडला नाही. चौथा निरोप शोधला, आवाज मोठा केला आणि फोन वर धरला.

फुटक्या काचेच्या फोनमधून नानांचा आवाज बारीक आणि खरखरीत आला. इंद्रा म्हणतुय. मग तेच शब्द. आणि मग, मला काय पटत न्हाई बग हे.

नानांचा हात थांबला. ते उशीवर मागं टेकले. त्यांना धाप लागली होती.

बिराप्पातात्या इंद्रजितकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. "बापाच्या तोंडात आपलं बोलनं घातलंस व्हय रं?" एवढंच ते म्हणाले. इंद्रजित वळला आणि घराला वळसा घालून मेंढरांच्या वाड्याकडे चालत गेला.

उत्कर्षानं फोन खाली घेतला आणि दानिशला विचारलं, "शुक्रवारी तुमाला ठावं झालं व्हतं. मी तितं बसले व्हते की."

दानिशनं मान हलवली. तिनं वडिलांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. दानिशला तिथून निघून जावंसं वाटलं, पण तो बसून राहिला.

आता बैठक मोडणार असं दिसत होतं. एक-दोघं उठायलाही लागले होते. तेव्हा हरणाबाई बोलल्या. त्या सहसा अशा माणसांत बोलायच्या नाहीत, त्यामुळं उठलेले पुन्हा बसले.

"पोरगं चुकलं," त्या म्हणाल्या. "लय वंगाळ केलं त्यानं. पर मला एक सांगा. मेंढरामागं चालतंय कोन? मी. गुडघा कुनाचा सुजलाय? माजा. मालक काय म्हनत्यात, पोरगं काय म्हनतंय, तात्या काय म्हनत्यात, समदं झालं. मला कुनी इचारलं का?"

त्यांनी पुढं सांगितलं, की एवढी मेंढरं आता माझ्यानं होत नाहीत. निम्मी विकावी असं माझ्या मनात महिनाभर आहे. पोरानं मला येऊन विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. मालकांची समजूतही मीच घातली असती. माळ मात्र द्यायचा नाही. माळ दिला तर उरलेली निम्मीही जातील.

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, खाटेजवळ गेल्या आणि नवऱ्याचा डावा हात धरला. उत्कर्षानं आईला सांगितलं, की एका वेळी एकच गोष्ट विचार, हो असेल तर हात दाबा म्हण आणि थांब. हरणाबाईंनी विचारलं, "निम्मी इकू का?" सगळे बघत होते. नाना बायकोच्या पायाकडे बघत होते, सुजलेल्या गुडघ्याकडे. मग त्यांनी तिचा हात एकदा दाबला. "माळ देऊ का?" नानांनी हात सोडून दिला.

बिराप्पातात्या म्हणाले, झालं, जोती बोलला.

दानिश निघाला तेव्हा ऊन तापलं होतं. गाडीपाशी जाण्याआधी तो वाड्याकडे गेला. इंद्रजित जाळीला टेकून बसला होता. दानिशनं त्याला झाला तो प्रकार सांगितला. आई निम्मी मेंढरं विकायला तयार होती, हे ऐकल्यावर इंद्रजितनं दोन्ही हातांत डोकं धरलं. मग म्हणाला, "जा तू आता." दानिश गेला.

घरी पलूसला जाऊन त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. रहिमानचाचांनी ऐकून घेतलं. जोतीबद्दल, हरणाबाईंबद्दल विचारलं. पोराला मात्र ते बरं केलंस म्हणाले नाहीत, वाईट केलंस असंही म्हणाले नाहीत. शुक्रवारी बोलला असतास तर त्या पोराची भावकीत एवढी शोभा झाली नसती, इतकंच म्हणाले. ते वाक्य दानिशच्या मनातून बरेच दिवस गेलं नाही, कारण ते खरं होतं.

त्यानंतर दानिशनं ती जोडलेली फाइल पुसून टाकली. गॅदरिंगचे दिवस संपत आले होते, कामं कमी होती. त्यानं इंद्रजितला दोन-तीनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, की इंद्रजितनं महिन्याची बिनपगारी रजा टाकलीय आणि तो गावी आहे.

तीन आठवड्यांनी उत्कर्षा आली. नानांचा फोन शेवटी बंद पडला होता. निरोप नीट आहेत ना आणि त्यांची आणखी एक प्रत मिळेल का, हे विचारायला ती आली होती. ती बसली नाही, दारातच उभी राहिली. दानिश प्रत करत असताना तिनं मेंढरं विकल्याचं सांगितलं.

व्यापारी आला त्या सकाळी कुठली विकायची आणि कुठली ठेवायची, हे ठरेना. हरणाबाईंना सगळी मेंढरं माहीत होती, पण निवड मालकांनीच करावी असा त्यांचा हट्ट होता. खाट वाड्यात नेता येईना, तिचे पाय लेंड्या-मुताच्या चिखलात रुतायला लागले. तेव्हा इंद्रजित खाटेपुढं पाठ करून बसला. त्या रविवारपासून बापलेकांची नजरानजरही झाली नव्हती. इंद्रजित जेवण भरवायचा, अंग पुसायचा, पण दोघंही दुसरीकडे बघायचे. नाना थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात त्याच्या गळ्याभोवती टाकला. बिराप्पातात्यांनी आणि गड्यानं मागून आधार दिला आणि इंद्रजित बापाला पाठुंगळी घेऊन वाड्यात शिरला.

तो एकेका मेंढीपुढं थांबायचा. ठेवायची असेल तर नाना त्याच्या छातीवर हातानं थोपटायचे. नसेल तर हात तसाच राहायचा. असं तासभर चाललं. इंद्रजितचे पाय लटपटायला लागले, तात्यांनी त्याला टेकायला सांगितलं, पण तो टेकला नाही. साठ मेंढरं ठेवायची असं ठरलं होतं. साठ झाल्यावर एक म्हातारी लंगडी मेंढी समोर आली. तिला कोण घेणार होतं? तरी नानांनी थोपटलं. इंद्रजित म्हणाला, आबा, साठ झाली. नानांनी पुन्हा थोपटलं, जरा जोरात. तेव्हा इंद्रजित हसला, आणि हसता हसता रडायला लागला. बापाला पाठीवर घेऊन तो तसाच रडत उभा राहिला. नाना त्याच्या छातीवर थोपटत राहिले.

दानिशनं पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. इंद्रा माझ्याबद्दल काही बोलला का, असं त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "पर मी हितं येनार हाय हे त्याला ठावं हाय. जाऊ नगं म्हनला न्हाई."

ती जिना उतरून गेल्यावर दानिशनं फोन लावला. बराच वेळ वाजला. मग इंद्रजितनं उचलला. मागं मेंढरांचा गलका होता, कुणीतरी कुत्र्याला हाकारत होतं. पाणी पाजाय आणलीत, संध्याकाळी करतो, असं तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यानं केला.